बसणाऱ्यांची वही: लातूरच्या एका ओपन स्पेसच्या प्रकल्प नोंदी

१३ एप्रिल २०२५, रविवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय, नाहीतर कोण काय म्हणलं, कधी काय केलं सगळं विसरायला होतं. आमच्या घरामागं कॉलनीची ओपन स्पेस आहे, अंदाजे दहा गुंठे. ले-आउट पास करताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते म्हणून सुटलेली. आत्ता तिथं वाळलेलं गाजरगवत आहे, कुणाच्या तरी बांधकामाचा राडा, फुटक्या फरशा, कोपऱ्यात वेडी बाभूळ, आणि मधोमध एक जुना लिंब. लिंब मात्र जबरदस्त, दोघांच्या कवेत मावायचा नाही. इथं आधी शेत होतं आणि हा बांधावरचा लिंब आहे असं समोरचे काका सांगतात, ते लाइटबोर्डातून रिटायर झालेत आणि ह्या कॉलनीत पहिलं घर त्यांचंच.

ही जागा साफ करून झाडं लावायचीत, बसायला जागा करायचीय. हे का करायचं तेही लिहिते. आमच्या वरच्या तीन खोल्या मेडिकलच्या नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलींना भाड्यानं दिल्यात. मागच्या डिसेंबरात त्यातली एक मुलगी, रिपीटर होती, रात्ररात्र झोपायची नाही, डबा तसाच परत जायचा, आणि एका पहाटे जिन्यात थरथरत बसलेली दिसली, मॅडम मला श्वासच घेता येईना म्हणाली. तिच्या वडिलांना फोन केला, ते पहिल्या एसटीनं आले, डॉक्टरकडं नेलं, मग गावी घेऊन गेले. आता बरी आहे, फोन करते. पण ती गेल्यावर मी तिच्या खुर्चीवर जाऊन बसले. टेबलासमोर खिडकी, आणि खिडकीसमोर चार फुटांवर शेजारच्या हॉस्टेलची प्लास्टर न केलेली भिंत. नुसत्या विटा. ही खोली उभी आहे तिथं २०१९ पर्यंत आमची चिंच होती. परवानगी काढून रीतसर कापली, पण कापली आम्हीच.

मी ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते. रॉजर उलरिक यांचा १९८४ चा अभ्यास पूर्वी वाचलेला होता, त्या रात्री परत काढून वाचला. पेनसिल्व्हेनियातल्या एका दवाखान्यात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटचे जुने रेकॉर्ड त्यांनी तपासले, सारख्या वयाच्या, सारख्या तब्येतीच्या २३ जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना भारी पेनकिलर कमी लागल्या. विटांची भिंत ह्या शब्दांवर मी थांबले ती बराच वेळ पुढं वाचताच येईना. भिंतीमुळं मुलगी आजारी पडली असं मी म्हणत नाही, परीक्षा, घरचं कर्ज, दुसरं वर्ष, सगळंच होतं. पण बघायला दुसरं काहीतरी देता आलं असतं, ते मी दिलं नाही.

२० एप्रिल, रविवार

चार विद्यार्थी तयार झालेत, दोन मुलं दोन मुली. आज गच्च्यांवर जाऊन मोजणी केली. सेसिल कोनायनेंडायक नावाच्या नगर-वनतज्ज्ञानं २०२१ मध्ये एक साधा नियम मांडलाय, ३-३०-३००: प्रत्येक घरातून तीन झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के झाडांची सावली असावी, आणि हिरवी जागा घरापासून ३०० मीटरच्या आत असावी. आमच्या गल्लीत ३०० चा भाग पास होतो कारण ओपन स्पेस दारातच आहे. ३० चं नाव काढायला नको. आणि तीनचं म्हणाल तर बहुतेक हॉस्टेलच्या खोल्यांमधून एकही झाड दिसत नाही, दिसते ती दुसऱ्या हॉस्टेलची बाथरूमची खिडकी.

दुपारी तीनला थर्मामीटर लावला. डांबरी रस्त्याकडेला ४१, लिंबाखाली ३७. पोरांना हे फार आवडलं, दर अर्ध्या तासानं पळत जाऊन बघत होती. पत्र्याच्या आणि स्लॅबच्या खोल्यांमध्ये रात्री बारालाही गरम वाफ मारते, झोप होत नाही, आणि झोप नाही म्हणलं की बाकी सगळं ढासळतं, ही गोष्ट मी शिक्षक म्हणून रोज सकाळच्या पहिल्या तासाला बघते.

काकांनी मात्र पहिला प्रश्न बरोबर विचारला. "मॅडम, झाडं लावायलाव ते ठीक हाय, पण पाणी कुठून आणायलाव? प्यायला न्हाई अन् झाडाला?" त्यांना राग नव्हता, आठवण होती. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिण्या, पाच लाख लिटर. मी तेव्हा पोराला कडेवर घेऊन टँकरच्या रांगेत उभी असायचे आणि एक घागर कमी मिळाली म्हणून शेजारणी वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. ह्या गावात झाडाला पाणी घालणं म्हणजे कुणाच्या तरी नजरेत येणं. त्यामुळं ठरवलं की नळाचं पाणी एक थेंब घ्यायचं नाही. मेसच्या आरओ मशीनचं जे पाणी गटारीत जातं ते घ्यायचं, आणि सांडपाण्यातलं भाज्या धुतलेलं. आरओचं पाणी थोडं खारट असतं, म्हणून एकट्या त्याच्यावर रोप ठेवायचं नाही, मिसळून द्यायचं.

४ मे

नीटचा पेपर. संध्याकाळी साडेसहाला एक मुलगा परीक्षेचं कार्ड हातात धरून लिंबाखाली एकटाच उभा होता, बसायला जागाच नाही तिथं. मी पाणी दिलं. काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

१ जून, रविवार

साफसफाई. जेसीबी लावला, पैसे वर्गणीतून. दोन ट्रॅक्टर राडा निघाला, तेवढंच गाजरगवत. गाजरगवताला फुलं यायच्या आत काढायचं आणि हातमोजे घालून काढायचं, अंगावर पुरळ येतं, दोन पोरांनी ऐकलं नाही आणि रात्री खाजवत बसली.

संध्याकाळी जागा एकदम मोकळी दिसायला लागली तर कॉलनीतले बरेच जण म्हणाले झालं की आता, स्वच्छ झालं, बास. इथं मी जरा जोरात बोलले. फिलाडेल्फियात एक प्रयोग झालाय, २०१८ ला छापून आला, शहरातले ५४१ पडीक प्लॉट घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत वाटले. एका गटात कचरा काढून जमीन सारखी केली, गवत आणि थोडी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं आणि महिन्याच्या महिन्याला निगा ठेवली. दुसऱ्या गटात नुसता कचरा काढला. तिसऱ्यात काहीच केलं नाही. आजूबाजूला राहणाऱ्या लोकांना आधी आणि नंतर मनाचे प्रश्न विचारले. हिरव्या केलेल्या प्लॉटजवळच्यांमध्ये उदास वाटण्याचं प्रमाण काहीच न केलेल्या गटाच्या तुलनेत ४१ टक्क्यांहून जास्त उतरलं, गरीब वस्त्यांमध्ये त्याहूनही जास्त. नुसता कचरा काढला तिथं असा ठळक फरक दिसलाच नाही. आणि त्यांनी काय सोन्याचं केलं होतं, गवत, चार झाडं आणि एक कुंपण. पण सोडून गेले नाहीत. आमच्याकडं उद्घाटन होतं, फोटो होतो, आणि दिवाळीपर्यंत परत गाजरगवत.

कुंपण बुटकं का हे पोरांनी विचारलं. बाहेरून आत दिसावं म्हणून. उंच भिंत घातली की आत कोण बसलंय कळत नाही आणि मग बायका जात नाहीत.

१४ जून, शनिवार

नीटचा निकाल. गल्लीत एकाच वेळी फटाके आणि सामसूम. रात्री नऊला लिंबाखाली सात-आठ पोरं होती, निम्मी अंधारात. मी जिन्याच्या दारावर आणि मेसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावलंय: टेली मानस (मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन), १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हे स्पष्ट लिहून ठेवते म्हणजे पुढं कुणाचा गैरसमज नको, झाड हे औषध नाही. ज्याला डॉक्टर लागतो त्याला डॉक्टरच लागतो, त्याला लिंबाखाली बस म्हणून पाठवणं म्हणजे त्याचा वेळ घालवणं. आमचा प्रकल्प त्याच्या कितीतरी अलीकडचा आहे, रोजच्या ताणासाठी, माणूस खोलीतून बाहेर पडून दुसऱ्या माणसाच्या नजरेला पडावा यासाठी. मागच्या डिसेंबरात ती मुलगी रोज अर्धा तास बाहेर बसत असती तर आठवड्यात कुणाच्यातरी लक्षात आलं असतं.

६ जुलै, आषाढी

लावणी झाली. ४० रोपं: लिंब, करंज, अर्जुन, बहावा, कांचन, जांभूळ, आपटा आणि मावशींच्या हट्टापायी दोन शेवगे. मावशी म्हणजे आमच्या मेसच्या मावशी, त्यांचं माहेर किल्लारीकडचं.

मागचा पूर्ण आठवडा लॉनवरून भांडणात गेला. एका गृहस्थांना लॉन, पेव्हर ब्लॉक आणि सेल्फी पॉइंट पाहिजे होता, पैसे पण ते बऱ्यापैकी द्यायला तयार होते, त्यामुळं बैठकीत सगळे त्यांच्याकडं झुकायला लागले. मी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे लॉन रोज पाणी पितं आणि इथं ते शक्य नाही. दुसरी, ऑस्ट्रेलियात सिडनी, वोलोंगाँग आणि न्यूकॅसल ह्या तीन शहरांत सेहेचाळीस हजारांवर लोकांचा अभ्यास २०१९ ला आलाय, ज्यांच्या घराभोवती ३० टक्के किंवा जास्त झाडांची सावली होती त्यांच्यात मानसिक त्रासाची शक्यता ३१ टक्के कमी निघाली, आणि नुसत्या गवतानं तो फायदा दिसला नाही. काका म्हणाले, "हे सांगायला ऑस्ट्रेलिया कशाला लागतंय, उन्हात गवतावर बसून दाखवा." बैठक तिथंच संपली. पेव्हर ब्लॉक फक्त पायवाटेपुरते, तेही खालून मुरूम टाकून, पाणी मुरायला.

बैलगाडीच्या जुन्या चाकांची धाव वापरून काकांनी ट्री गार्ड केलेत. बुंध्याभोवती उसाचं पाचट अंथरलं.

२७ जुलै, रविवार

बसणाऱ्यांची वही सुरू होऊन महिना झाला. रोज संध्याकाळी सहा ते सात एक विद्यार्थी बसतो आणि रेघा ओढतो, मुलगा, मुलगी, बाई, म्हातारं माणूस, लहान पोर. नाव लिहायचं नाही. महिन्याभरात जे दिसलं ते मला आधी कळायला पाहिजे होतं. म्हातारे आणि मुलं रोज. बायका सातच्या आत गायब. मुली तर येतच नाहीत, आल्या तर तिघी-चौघी घोळक्यानं, एक चक्कर मारून परत. वरच्या मुलींना विचारलं तर म्हणाल्या मॅडम अंधार पडतो, बाकावर मुलं असतात, आणि नुसतं बसलं की लोक विचारतात काय करायलाव इथं.

म्हणजे सावली सगळ्यांना मिळते आणि बसायचं मात्र ठराविकांनाच. काकांनी दोन दिवसांत दोन दिवे लावले, पिवळे, पांढरा भगभगीत नको म्हणून मीच सांगितलं. दोन बाक लिंबापासून उचलून मेसच्या दारासमोर आणले, तिथं मावशी रात्री साडेनऊपर्यंत असतात. आणि सातला मी स्वतः वही आणि तपासायचे पेपर घेऊन तिथं जाऊन बसते. बाईनं बसलेलं दिसलं की दुसरी बाई बसते, एवढंच आहे ते.

१७ ऑगस्ट, रविवार

मुली यायला लागल्या. रविवारच्या टेस्टनंतर तर बाक पुरत नाहीत.

एक प्रयोग बंद केला. मी वहीत झोपेचा प्रश्न घातला होता, काल झोप कशी लागली, एक ते पाच. पहिल्या आठवड्यात दोन-तीन आकडे येत होते, नंतर सगळ्यांचे चार, पाच. मला वाटलं वा! मग एका मुलीनं सांगितलं की मॅडम तुमी एवढं करायलाव तर दोन कसं लिहायचं. पोरं मला बरं वाटावं म्हणून मार्क देत होती. तो रकाना खोडला. तसंच, जूननंतर गर्दी वाढली तर ती नवीन बॅच आली म्हणूनही असू शकते, ते वेगळं काढायची सोय आमच्याकडं नाही. आमच्या वहीतून एवढंच कळतं की कोण येतं आणि कोण येत नाही, पण ते पक्कं कळतं.

मुलांनी वेळेचं विचारलं, रोज किती बसायचं. इंग्लंडमधल्या जवळपास २०,००० लोकांच्या माहितीवरून २०१९ ला निघालेला आकडा आठवड्याला १२० मिनिटांचा आहे, एकदम किंवा तुकड्यातुकड्यानं कसंही चालतं. म्हणजे दिवसाला सतरा-अठरा मिनिटं. पोरांच्या वेळापत्रकात ती कुठून काढायची याच्यावर बराच खल झाला, शेवटी डबा खोलीत न खाता इथं खायचा असं ठरलं. मोबाइल खोलीत ठेवून यायचं हे मी सुचवलं, सक्ती नाही. टेस्टमध्ये चुकलेला एक प्रश्न डोक्यात दिवसभर दळत राहतो, ती चक्की थांबवायची तर हे करून बघा म्हणलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१५ ला ३८ लोकांवर बघितलं होतं, दीड तास झाडीतून चालून आलेल्यांचं हे दळण कमी झालं, वाहत्या रस्त्याकडेनं चालणाऱ्यांचं नाही. आमच्या दहा गुंठ्यांत दीड तास चालायचं तर चक्कर येईल, पण आठ-दहा फेऱ्या होतात.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पाऊस थांबेना. ओपन स्पेसमध्ये घोट्याच्या वर पाणी साचलंय आणि चार दिवसांपासून तसंच आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

लिहायला उशीर झाला. मांजरा, तेरणा, मन्याड सगळ्या नद्या सुटल्यात, लातूर, धाराशिव, नांदेड, बीड, सगळीकडं शेतं पाण्यात. सोयाबीन काढणीला आलेलं. पोरं फोन कानाला लावून गल्लीत फिरतायत, तिकडून बाप सांगतोय की गेलं सगळं, तू अभ्यास कर. हे वाक्य एका मुलानं मला जसंच्या तसं सांगितलं, वडील म्हणाले सोयाबीनचं बघू आमी, तू अभ्यास कर, आणि मॅडम मला पुस्तक उघडून एक ओळ दिसत नाही. खोलीत तो आणि दोन पार्टनर, तिघांच्या घरी तेच. लिंबाखाली बुंध्याजवळची जागा जरा उंच आहे, तिथं पाणी नव्हतं, तिघं तिथं येऊन बसले होते, पावसाची भुरभुर होती तरी. मावशींनी न सांगता चहा आणला. काका आले, त्यांचंही गावाकडं चार एकर आहे. कुणी कुणाला धीर दिला नाही. कुणाच्या शेतात किती पाणी आहे, गुडघ्याएवढं का कमरेएवढं, एवढंच बोलत होते, आणि ते तास-दीड तास बोलत होते. मी पण तिथंच उभी होते.

वहीत त्या दिवशी १९ रेघा आहेत. असल्या पावसात.

३० सप्टेंबर, मंगळवार

किल्लारीच्या भूकंपाला आज ३२ वर्षं. १९९३, पहाटे चारच्या सुमाराला, जवळपास दहा हजार माणसं गेली. मावशी तेव्हा सोळा वर्षांच्या. आज पहिल्यांदा सांगितलं त्यांनी. भूकंपानंतर कुणी भिंतीखाली जायला तयार नव्हतं, उरलेलं घर असलं तरी, सगळे झाडाखाली झोपायचे, पावसात सुद्धा. नंतर पुनर्वसन झालं, सरळ रस्ते, सारखी घरं. "घर बरं होतं वो मॅडम, पण पार नव्हता. कुठं बसायचं तेच कळंना. माय माझी रोज चालत जुन्या गावात जायची, पडक्या गावात, वडाखाली बसून यायची." मी विचारलं किती दिवस. म्हणाल्या, मरेस्तोवर.

झाडं आणि मन याच्यावर मी जेवढं वाचलंय त्याच्या आधी हे ऐकायला पाहिजे होतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

हिशोब. ४० पैकी १७ रोपं गेली. दोन्ही शेवगे, सगळे लिंब, कांचन आणि इतर काही. आम्ही सगळी तयारी दुष्काळाची केली होती, खोल खड्डे, आळी, पाचट, आणि रोपं बुडून मेली. काळ्या मातीचं हे असंच आहे, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती फुगून पाणी धरून बसते, मातीतली हवा निघून जाते, आणि मुळांना श्वास घ्यायला ऑक्सिजन लागतो. वरून पानं पिवळी पडून लोंबतात, अगदी पाणी कमी पडल्यासारखी. माझ्याच एका विद्यार्थ्यानं सप्टेंबरात ती बघून जास्तीचं पाणी घातलं होतं. त्याला फार वाईट वाटलं. मी बारावीला मुळांचं श्वसन पंधरा वर्षं शिकवतेय आणि खड्डा करताना मला सुचलं नाही, हे मी त्याच्यासमोरच सांगितलं.

अर्जुन, करंज आणि जांभूळ बहुतेक जगले, त्यांना ओल सोसते, ही नदीकाठची झाडं. आज नवीन १७ लावली, ह्या वेळी दीड फूट उंच वरंबे करून, मातीत मुरूम आणि शेणखत मिसळून. लिंब फक्त सगळ्यात उंच कोपऱ्यात. पाणी जायला एक चर काढला, तो जिथं संपतो तिथं शोषखड्डा.

त्या मुलीचा गावाहून फोन आला होता. त्यांचंही सोयाबीन गेलं. बीएस्सीला आहे ती आता. माझ्या खोलीतून काय दिसतं हो आता, विचारत होती. तिच्या खोलीत आम्ही टेबल फिरवलंय, मागच्या बाजूला छोटी खिडकी पाडली, त्यातून लिंबाचा शेंडा दिसतो. बांधकामाला साडेचार हजार लागले. हे सहा वर्षांपूर्वी पण करता आलं असतं.

१६ नोव्हेंबर

काही विशेष नाही. वरंब्यावरची सगळी रोपं जिवंत. गाजरगवत तिसऱ्यांदा काढलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी कुणाची पाळी याचा तक्ता मेसच्या भिंतीवर लावलाय, वर्षभराचा. वर्गणीत सगळ्यात आधी पैसे देणारे ते लॉनवाले गृहस्थ होते, आणि पहिल्या पाळीला पण तेच नाव आहे.

१९ डिसेंबर, शुक्रवार, येळवस (वेळा अमावास्या)

गाव रिकामं. येळवशीला लातूरमध्ये माणूस सापडत नाही, दुकानं बंद, रिक्षा नाहीत, सगळे शेतात, कुणाचं शेत नसलं तर मित्राच्या. अख्खा जिल्हा एक दिवस झाडाखाली बसून जेवतो. पुण्या-मुंबईकडच्यांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही.

पण गल्लीत बावीस पोरंपोरी राहिली होती, विदर्भातली, परभणीकडची, ज्यांची उद्या टेस्ट आहे ती. आणि ह्या वर्षी बऱ्याच जणांच्या घरून फोन होते की येऊ नको, शेतात काही राहिलं नाही. आम्ही गावी जाणार होतो, मीच नको म्हणलं. काकांचे गुडघे दुखतात, ते पण थांबले. लिंबाखाली कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून काकांनी छोटी कोप केली, पाच दगड मांडून पूजा केली. मावशींनी भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यात आंबील. एका नागपूरकडच्या मुलीनं आंबील पहिल्यांदाच प्यायली आणि तीन वेळा मागून घेतली. दोन पोरं तिथंच सतरंजीवर झोपली ती साडेचारला उठली, कुणी उठवलं नाही.

सहाला वही घ्यायची पाळी ज्याची होती तो पण झोपलेल्यातलाच, त्यामुळं आजच्या रेघा नाहीत. उद्या अर्जुनाच्या दोन रोपांच्या काठ्या बदलायच्यात, आणि चराच्या तोंडाशी माती आलीय ती काढायची.